पोलादी नळी आणि चालकाचा प्राण

कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या काठाने पसरलेला हिंगोली जिल्हा हा मुख्यतः शेतीचा मुलूख आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. त्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्यांनी खेळू लागल्यापासून या भागात हळद, ऊस आणि केळी यांची लागवड वाढली आणि तिच्यामागोमाग ट्रॅक्टर आला. आज नांगरट, पाळी, शेणखताची वाहतूक, हळदीचे कंद घरी आणणे ही सारी कामे त्याच्याकडून करून घेतली जातात. मोटारगाडी ज्या वाटेला जाऊ धजणार नाही त्या वाटेने ट्रॅक्टरला रोज जावे लागते. कालव्याचा अरुंद भराव, पावसाने निसरडा झालेला बांध, ओढ्याचा तिरपा उतार, हाच त्याचा राजरस्ता होय.

अशा एखाद्या गावी दिवाळीच्या सुमारास पुढील प्रसंग घडला, अशी कल्पना करावी. पुण्यास नोकरी करणारा पुतण्या घरी आला आहे. त्यास जुन्या मोटारींचा नाद. १९६४ पासून मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने घरोघर ठाऊक झालेली फियाट त्याने हौसेने बाळगली आहे. तिला शर्यतीच्या मैदानात उतरवावे म्हणून आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविण्याचे काम त्याने चालविले आहे. पुतण्याने छायाचित्रे दाखविली. काकांनी ती चष्मा सावरून पाहिली आणि म्हणाले, "अरे, उरलेल्या पायपात आपल्या ट्रॅक्टरलाही असाच एक पिंजरा करून दे की. मागच्या आषाढात चाक बांधावरून घसरले, तेव्हा थोडक्यात वाचलो."

पुतण्या म्हणाला, "काका, पाईप उरला आहे खरा, पण तो तुमच्या कामाचा नाही."

काकांना हे उत्तर विचित्र वाटले असल्यास नवल नाही. जो पाईप शहरातल्या हौशी माणसाचे रक्षण करतो, तो राबत्या शेतकऱ्याचे का करू नये? या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, म्हणजे रक्षणाच्या पिंजऱ्याचे बहुतेक सारे शास्त्र हाती येते. ज्यांचे एक घर शहरात आणि दुसरे गावी आहे, अशा कुटुंबांना तर हे ज्ञान केवळ कुतूहलाचा विषय नव्हे.

प्रथम वाहन उलटते कसे ते पाहावे. ट्रॅक्टरचा भार उंचावर असतो. एका बाजूचे मागील चाक बांधावर चढले अथवा भरावाची माती ढासळली, की तो कुशीवर पडतो. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. मागील चाके चिखलात रुतून फिरेनाशी झाली आणि चालकाने जोर लावला, तर इंजिनाचे बल चाकांना फिरविण्याऐवजी सबंध धूडच मागील आसाभोवती वर उचलू लागते. ओढावयाचे ओझे दांडीऐवजी उंच जागी बांधले असल्यास हा धोका अनेक पटींनी वाढतो. पुढची चाके जमिनीवरून सुटल्यापासून परत फिरणे अशक्य होईपर्यंत साधारणतः पाऊण सेकंदाचा अवधी मिळतो. एवढ्या वेळात मनुष्याच्या ध्यानात काही येत नाही, मग उडी मारणे तर दूरच राहिले. उघड्या बैठकीवर बसलेला चालक आणि जमीन यांच्यामध्ये मग काहीच उरत नाही.

यावर उपाय शोधण्यात स्वीडन देश अग्रेसर ठरला. १९५९ पासून तेथे नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट बसविणे कायद्याने आवश्यक झाले आणि पुढील काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू त्या देशात अगदी विरळ झाले. अमेरिकेतील उत्पादकांनी १९८५ पासून बहुतेक नव्या ट्रॅक्टरांवर ही चौकट आपण होऊन देण्यास आरंभ केला. मोटारींच्या शर्यतींतही हाच अनुभव आला. जुन्या गाड्यांचे छत उन्हापावसापासून रक्षण करण्यापुरते असे. गाडी त्या छतावर उताणी पडली तर काय होईल, हा विचार त्या काळच्या रचनेत फारसा नव्हता. म्हणून शर्यतीच्या गाडीस आतून नळ्यांचा सांगाडा देण्याची पद्धत पडली, आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने त्याचे बारीकसारीक नियम लिहून ठेवले.

या पिंजऱ्याचे काम काय? सामान्य समजूत अशी की, तो तसूभरही न हलता ताठ उभा राहिला म्हणजे उत्तम. ही समजूत चुकीची आहे. पडणाऱ्या वाहनात एक शक्ती साठलेली असते आणि ती कोठेतरी खर्ची पडावीच लागते. ट्रॅक्टरच्या चौकटीची परीक्षा घेण्याची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यातील एका पद्धतीनुसार वजनाच्या दर किलोमागे १.७५ ज्यूल इतकी शक्ती चौकटीने बाजूने पचविली पाहिजे. काकांचा ट्रॅक्टर २,००० किलोंचा धरला, तर हा हिशेब ३,५०० ज्यूल होतो. आता शक्ती म्हणजे बल गुणिले अंतर. चौकट २० सेंटीमीटर वाकली, तर तिला सरासरी १७,५०० न्यूटन बल सोसावे लागेल. ती फार ताठ असून केवळ ५ सेंटीमीटर वाकली, तर तेच बल ७०,००० न्यूटनांवर जाईल, आणि मग नळी शाबूत राहून तिच्या बुडाचे बोल्ट तुटतील किंवा सांधे उकलतील. उलटपक्षी ती फार लवली, तर चालकाच्या डोक्याची जागाच चेपून जाईल. तेव्हा चांगला पिंजरा तो, जो वाकतो पण तुटत नाही आणि वाकला तरी माणसाच्या जागेत शिरत नाही. बीड कठीण असते, पण ठिसूळ. पिंजऱ्याला हवे ते चिवट पोलाद.

आता नळी कशासाठी, भरीव सळई का नको, हे पाहू. निसर्गाने बांबू पोकळ केला तो काही कंजूषपणाने नव्हे. वाकविणाऱ्या बलाला तोंड देण्याचे काम मुख्यतः बाहेरील कडेचा भाग करतो; मध्याचा भाग ओझे मात्र वाढवितो. ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी घेतली, तर तिचे वजन मीटरला सुमारे २.३७ किलो भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई जेमतेम २० मिलिमीटर व्यासाची होईल, आणि वाकण्यास होणारा तिचा विरोध नळीच्या एकपंचमांशाहून थोडासाच अधिक असेल. मोटार महासंघाच्या नियमांत बैठकीमागील मुख्य कमानीस दोन मापे दिली आहेत: ४५ मिलिमीटर व्यास व २.५ मिलिमीटर जाडी, अथवा ५० मिलिमीटर व्यास व २ मिलिमीटर जाडी. दुसरी नळी वजनाने जवळजवळ एकदशांश हलकी असूनही बळात किंचित सरसच ठरते. मात्र हा व्यास वाढविण्याचा आणि जाडी घटविण्याचा क्रम फार पुढे नेता येत नाही. कागदाची सुरळी जशी एका चिमटीने पिचकते, तशी फार पातळ नळी दगडाच्या एका घावाने चेपते, आणि एकदा चेपली की तिचे बळ संपले.

नळीचे माप ठरले, तरी तिचा धर्म ओळखावयाचा राहतोच. महासंघाचा नियम सांगतो की, नळी सांधरहित असावी, थंड अवस्थेत साच्यातून ओढून तयार केलेली असावी, साध्या कार्बन पोलादाची असावी आणि तिचे ताणबल दर चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन असावे. त्याबरोबरच कार्बनचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक नसावे, असेही बंधन आहे. याचे कारण असे की, कार्बन वाढला म्हणजे पोलाद कडक होते खरे, परंतु त्याचा चिवटपणा घटतो आणि वेल्डिंगच्या कडेला ते ठिसूळ बनते. बाजारात जो पाईप सर्रास मिळतो तो पट्टी गोल वळवून आणि तिच्या कडा विजेने जोडून केलेला असतो. तो वाईटच असतो असे नव्हे. मोटारउद्योगासाठी तपासून केलेल्या अशा नळ्यांना आय. एस. ३०७४ हे भारतीय मानक आहे. तरीपण शर्यतीच्या नियमाने मुख्य पिंजऱ्यास सांध्याची नळी चालत नाही, कारण नळी वाकविताना वा आघात झाल्यावर तो सांधाच प्रथम दगा देण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात सांधरहित नळीचा तुटवडा नाही. अहिल्यानगर, बारामती आणि रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे तिचे मोठे कारखाने आहेत.

खरा धोका नळी न मिळण्याचा नसून कोणतीही नळी 'चालेल' म्हणून घेण्याचा आहे. विहिरीवरचा जुना पाण्याचा पाईप, भंगारात सापडलेली बॉयलरची नळी, मंडपाचे खांब, ही सारी बाहेरून सारखीच दिसतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाण्याच्या पाईपावर वेल्डिंग केले, तर जस्ताचा विषारी धूर निघतो आणि सांध्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. गंजाने आतून खाल्लेल्या पाईपाची जाडी बाहेरून कळतच नाही. म्हणून नळी घेताना तिच्यासोबत कारखान्याचे परीक्षणपत्र मागावे, त्यावरील क्रमांक नळीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि कापलेल्या तोंडाशी जाडी स्वतः मोजावी. ज्या नळीचे कूळ ठाऊक नाही, तिच्यावर प्राणाचा भार टाकू नये.

यानंतर बांधणी. कमान वाकवावयाची ती थंड अवस्थेत आणि योग्य यंत्रावर. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी असू नये. वळणावर नळी थोडी चपटी होतेच, परंतु लहान व्यासाचे मोठ्या व्यासाशी प्रमाण ०.९ पेक्षा खाली गेले की ते वळण टाकून द्यावे. भट्टीत लाल करून वाकविण्याची सोपी युक्ती येथे उपयोगाची नाही, कारण थंड ओढकामाने पोलादास आलेले बळ त्या उष्णतेने निघून जाते. दोन नळ्या जेथे मिळतात तेथे एकीचे तोंड दुसरीच्या गोलाईवर फटीवाचून बसेल असे कोरून घ्यावे आणि वेल्डिंग सबंध परिघावर, मुळापर्यंत करावे. वरवर गुळगुळीत दिसणारा सांधा आतून कच्चा असू शकतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम त्याच नळीच्या तुकड्यांचे दोनतीन सांधे करतो, ते करवतीने उभे कापून पाहतो आणि मगच खऱ्या कामास हात घालतो. कमानीच्या चौकोनात तिरकी नळी टाकून त्रिकोण साधणे हेही तितकेच अगत्याचे. खाटेची चौकट रेटली म्हणजे तिरपी होते. तिला एक कर्ण दिला की ती हलत नाही.

पिंजऱ्याचे पाय कोठे टेकतात, इकडे हौशी लोकांचे लक्ष सहसा जात नाही. जुन्या फियाटीचा तळ पातळ पत्र्याचा, आणि पुष्कळदा गंजलेलाही. त्यावर नळी नुसती उभी केली, तर आघाताच्या वेळी ती भाल्यासारखी पत्र्यातून आरपार जाईल. म्हणून प्रत्येक मुख्य पायाखाली निदान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी तळास जोडावी लागते आणि पाय तिला किमान तीन बळकट बोल्टांनी आवळावा लागतो. गंजलेला पत्रा आधी बदलावा, पिंजऱ्याचे काम मागाहून. शिवाय जेथे डोके आपटण्याचा संभव आहे तेथे नळीवर जाड मऊ आवरण हवे, आणि चालकाच्या अंगावर शर्यतीचा पट्टा व डोक्यास शिरस्त्राण हवेच. यांवाचून पोलादी नळी हीच डोके फोडणारे साधन बनते. याच कारणास्तव अशी गाडी रोजच्या रस्त्यावर, मुलांमाणसांना घेऊन फिरविण्याची नव्हे. त्यातून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई करते.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाही. मोटारीतील पिंजऱ्यास सहा पाय असतात, आडव्या व तिरक्या नळ्या असतात. एका नळीचा भार पाचजणी वाटून घेतात. ट्रॅक्टरची नेहमीची चौकट म्हणजे मागील आसावर उभे केलेले दोन खांब आणि वर एक आडवी दांडी. येथे वाटून घेणारे कोणी नाही. पुतण्याजवळ उरलेल्या ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीची अशी चौकट १.४ मीटर उंचीची केली, बुडाचे सांधे अगदी अढळ मानले आणि पोलाद कायमचे वाकण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला ३५० न्यूटन इतकी उदारपणे धरली, तरी ती सुमारे ४,६०० न्यूटनांच्या आडव्या बलापुढे लवू लागेल. एवढ्या बलाने ३,५०० ज्यूल शक्ती पचवावयाची, तर चौकटीचा माथा पाऊण मीटरहून अधिक सरकला पाहिजे. बैठकीवर बसलेल्या माणसाच्या खांद्याशेजारी एवढी मोकळी जागा कोठून आणणार? शिवाय त्याच संहितेत चौकटीने वरून दर किलोमागे २० न्यूटन, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या सुमारे दुप्पट दाब सोसावा, अशीही अट आहे.

दुसरी अडचण पायाची. ट्रॅक्टरच्या आसाचे आवरण बहुधा ओतीव बिडाचे असते. त्यावर गावच्या वर्कशॉपात वेल्डिंग केले किंवा भोके पाडली, तर बिडास तडा जातो, आणि तो तडा चौकटीची खरी कसोटी लागेल त्या दिवशीच उघड होतो. या कारागिरांच्या हातात कसब नाही असे मुळीच नव्हे. ट्रॉली आणि अवजारे हे लोक उत्तम बनवितात, व ती रोजच्या वापरात तपासली जातात. दोष राहिला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो. संरक्षक चौकटीची परीक्षा मात्र आयुष्यात एकदाच होते आणि त्या वेळी दुरुस्तीस सवड नसते. म्हणून कारखाने नमुन्याची एक चौकट मुद्दाम वाकवून, चेपून निकामी करतात आणि तिच्यावरून तिच्या बहिणींची ग्वाही देतात. मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टरपरीक्षणाची जुनी संस्था आहे. आंतरराष्ट्रीय संहितांनुसार परीक्षा घेण्याचे काम भारतातर्फे तिच्याकडे आहे. वर्कशॉपात एकच चौकट केली जाते. ती मोडून पाहिली तर बसवावयास काही उरत नाही, आणि न मोडता बसविली तर भरवसा उरत नाही.

तेव्हा काकांनी करावयाचे ते असे. आपल्या ट्रॅक्टरच्या नेमक्या नमुन्यासाठी परीक्षा उतरलेली चौकट उत्पादकाकडे मागावी आणि ती त्याने दिलेल्या बोल्टांनीच बसवून घ्यावी. सावलीसाठी लावलेल्या छत्रीस चौकट समजू नये. चौकट घडीची असेल, तर झाडाखालून जाताना पाडलेली ती लगेच पुन्हा उभी करावी. चौकट असेल तेव्हा कमरेचा पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर उलटताना चालक बैठकीवरून फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो. उलट, चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये, कारण तेथे पट्टा माणसास ओझ्याखाली जखडून ठेवतो. आणि जुन्या यंत्रासाठी चौकट मिळतच नसेल, तर त्यास सपाट रानातील काम द्यावे. बांध, भराव आणि उतार यांवर नेऊ नये.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ही चौकट एका बैठकीचे आणि एकाच माणसाचे रक्षण करते. चाकावरच्या पत्र्यावर बसविलेल्या मुलाचे किंवा ट्रॉलीत दाटीने बसलेल्या मजुरांचे ती काहीच करू शकत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर स्त्रियांना कामावर नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सातजणींना प्राण गमवावे लागले. अशा ठिकाणी कोणत्याही नळीचा उपयोग नाही. तेथे विहिरीला कठडा हवा आणि माणसांसाठी माणसांचे वाहन हवे.

पुतण्याने उरलेला पाईप काकांना दिला नाही, यात आपलेपणा कमी होता असे कोणी म्हणू नये. कच्च्या चौकटीपेक्षा चौकट नसलेली एका अर्थी बरी. कारण उघड्या बैठकीवरचा माणूस निदान भिऊन, जपून चालतो, आणि खोट्या भरवशाचा माणूस त्याच बांधावरून बिनधास्त जातो. पुण्यास परतण्यापूर्वी त्याने काकांच्या ट्रॅक्टरचा नमुना व वर्ष कागदावर टिपून घेतले असेल आणि उत्पादकास पत्र घालण्याचे कबूल केले असेल, तर पिंजऱ्याचे शास्त्र तो खऱ्या अर्थाने शिकला असे समजावे.